दिवस भरण्यापूर्वींचें बाळंतपण

घरांत आठव्या महिन्यांतच बाळंतपण झालें म्हणजे पहिला प्रश्न बाळाच्या प्रकृतीचा निघतो, आणि दुसरा, फारसा वेळ न जातां, आईच्या अपराधाचा. तिनें भरलेली बादली उचलली होती. रिक्षांत बसून ती माहेरीं गेली होती. पपईची फोड तिनें खाल्ली. ग्रहणांत ती खिडकीशीं उभी राहिली. नाहीं तर तिनें कसली तरी धास्ती घेतली. सासरचीं माणसें एक कारण सांगतात, माहेरचीं दुसरें. आणि जिचें बाळ कांचेच्या पेटींत ठेवलेलें असतें ती रात्र रात्र जागून आपल्याच आठवणींतून तिसरें शोधून काढते. अशा प्रसूतीचीं कारणें खरोखर कोठें असतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सुशिक्षित घरांतूनहि या बाबतींत जें बोललें जातें त्यांतील पुष्कळसें निराधार असतें, आणि जें वेळींच पाहावयास हवें तें पाहावयाचें राहून जातें.

प्रथम हिशेब नीट मांडला पाहिजे. गरोदरपणाची गणना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. तेथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, हा पूर्ण काळ. जर्मनींतील प्रसूतिवैद्य फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नांवानें चालत आलेला सोपा नियम असा कीं, त्या तारखेंत नऊ महिने आणि सात दिवस मिळवावे. ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें मूल तें अपुऱ्या दिवसांचें. आपल्याकडे मात्र हिशेब महिन्यांचा, आणि महिना कोणता याचा पत्ता नसतो! कोणी तिथीनें मोजतात, कोणी तारखेनें. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, इंग्रजी महिना तीस-एकतीसांचा. २८० दिवसांत पहिले साडेनऊ बसतात, दुसरे सव्वानऊ. शिवाय 'सातवा लागला' आणि 'सात भरले' हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात, आणि दोहोंमध्यें चार आठवड्यांचें अंतर पडतें. बाळाच्या फुप्फुसांच्या दृष्टीनें चार आठवडे म्हणजे फार मोठा काळ. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून ती पडताळून घ्यावी. मूळ तारीखच चुकली तर पुढील सारें गणित चुकतें.

सातव्या महिन्यांतलें मूल जगतें आणि आठव्यांतलें जगत नाहीं, ही समजूत अजूनहि पुष्कळ घरांत ऐकूं येते. ती फार जुनी आहे. आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, त्यामुळें त्या महिन्यांत जन्मलेलें मूल वांचत नाहीं, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे; आणि प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतहि आठव्या महिन्याच्या बाळाविषयीं असाच एक निबंध आहे. दोन दूरदूरच्या देशांतील विद्वान् एकाच गोष्टीवर एकमत झाले म्हणून ती खरी ठरते असें नाहीं. आज लाखों बाळांच्या नोंदी पाहून निश्चित झालें आहे कीं, गर्भांत घालविलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या बाजूनें जमा होतो. आठवा महिना सातव्याहून बरा, आणि नववा आठव्याहून.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाहीं. २०२० सालीं साऱ्या जगांत सुमारें १ कोटी ३४ लाख मुलें अपुऱ्या दिवसांचीं जन्मलीं. त्यांपैकीं ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतांत. पांच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूच्या कारणांत याच कारणाचा क्रम आज पहिला लागतो.

अशीं बाळंतपणें तीन वाटांनीं येतात. कधीं वेणा आपोआप लौकर सुरू होतात. कधीं गर्भजलाची पिशवी आधींच फुटते. आणि कधीं आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका दिसल्यामुळें डॉक्टरच प्रसूति लौकर करवितात. या तिसऱ्या वाटेविषयीं घरच्या मंडळींचा पुष्कळ गैरसमज होतो. 'डॉक्टरांनीं घाई केली' असें म्हटलें जातें. घाई कधीं खरीहि असते, तिचा विचार पुढें येईल. पण बहुधा तिच्यामागें वाढलेला रक्तदाब असतो.

पहिल्या दोन वाटांच्या बाबतींत मुंबईचें एक नांव साऱ्या जगाला माहीत आहे, आणि मुंबईकरांनाच तें फारसें ठाऊक नसतें. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे. १८९९ सालीं त्यांचा जन्म झाला; मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते शिकले, आणि पुढें तेथेंच त्यांनीं अध्यापन केलें. कांहीं स्त्रियांचा गर्भ चौथ्यापासून सातव्या महिन्यापर्यंत केव्हां तरी, फारशा वेणा न येतां, जवळ जवळ निमूटपणें गळून पडतो, आणि हें एकदां नव्हे तर पुन:पुन्हां होतें, याकडे त्यांचें लक्ष लागलें. अशा स्त्रीला त्या काळीं काय काय ऐकून घ्यावें लागत असेल तें सांगावयास नको. शिरोडकरांनीं दोष तिच्या नशिबांत न शोधतां गर्भाशयाच्या मुखांत शोधला. थैलीचें तोंड नीट आवळलेलें नसेल तर आंतील वजन वाढतांच जिन्नस बाहेर येणारच, तसेंच हें. त्यांनीं त्या स्त्रीच्याच मांडींतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची एक पट्टी काढली आणि तिचा टाका गर्भाशयमुखाभोंवतीं घालून तें आवळून धरलें. ही रीत त्यांनीं १९५५ सालीं मद्रासच्या एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. मॅक्डोनल्ड यांनीं त्याच तत्त्वावर अधिक सोपा टाका सुचविला. आज दोन्ही टाके जगभर घातले जातात, आणि 'शिरोडकर टाका' हा शब्द परदेशांतील विद्यार्थीहि आपल्या पाठ्यपुस्तकांत वाचतात.

टाका प्रत्येकीलाच हवा असा याचा अर्थ मात्र नव्हे. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, सोनोग्राफीनें मोजलेलें गर्भाशयमुख जितकें आंखूड, तितकी लौकर प्रसूतीची भीति अधिक. पांचव्या महिन्याच्या सुमारास ही लांबी २५ मिलिमीटरहून कमी भरली, विशेषत: पूर्वींचें बाळंतपण लौकर झालेलें असलें, तर टाका किंवा प्रोजेस्टेरॉन नांवाचें औषध यांचा विचार डॉक्टर करतात. ही मोजणी सहसा पांचव्या महिन्यांतील सोनोग्राफीच्या वेळीं सहज होऊं शकते. ती झाली कीं नाहीं हें विचारण्यास संकोच कशाला?

पूर्वींच्या बाळंतपणाचा उल्लेख आला तो मुद्दाम. ज्या स्त्रीचें एक मूल अपुऱ्या दिवसांचें झालें तिला दुसऱ्या खेपेस तीच भीति इतरांच्या दीड-दोनपट असते. डॉक्टरांना सांगावयाच्या गोष्टींत ही पहिली. आणि आपल्या घरांत हीच लपवून ठेवतात. पहिलें मूल गेलें, तो विषय नको; गर्भपात झाला होता, तो सासरीं कळवावयाचा नाहीं; गर्भाशयमुखावर कांहीं शस्त्रक्रिया झाली होती, ती लग्नापूर्वींची. मानमर्यादेच्या पायीं डॉक्टरांना अर्धीच हकीकत मिळते. गर्भिणीला डॉक्टरांशीं पांच मिनिटें एकटीनें बोलूं द्यावें, सासूनें किंवा नवऱ्यानें त्या वेळीं बाहेर बसावें, एवढी साधी गोष्ट पुष्कळ ठिकाणीं साधत नाहीं.

आतां रक्तदाब. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर कांहीं स्त्रियांचा रक्तदाब चढूं लागतो आणि लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात. या विकाराचें मूळ वारेंत, म्हणजे जिच्यांतून बाळाला पोषण मिळतें त्या अवयवांतील रक्तवाहिन्यांत असतें. म्हणून वार पडल्याखेरीज तो पुरता जात नाहीं. अर्थात् विकार विकोपाला गेला तर बाळ बाहेर काढणें हाच उपाय उरतो, मग दिवस भरलेले असोत वा नसोत. पहिलटकरीण, जुळीं मुलें असलेली, मधुमेहाची किंवा मूत्रपिंडाच्या रोगाची, अतिस्थूल, पस्तिशीच्या पुढची, आणि पूर्वीं एकदां हाच विकार झालेली, अशा स्त्रियांना त्याचें भय अधिक. येथें विदर्भाचाहि संबंध येतो. पहिल्या खेपेच्या ११,९७६ गरोदर स्त्रियांना सहा देशांत घेऊन एक मोठा प्रयोग करण्यांत आला. त्यांत आपल्याकडचीं बेळगांव व नागपूर हीं दोन केंद्रें होतीं. निम्म्या स्त्रियांना पहिल्या तीन महिन्यांपासून रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलें, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०२० सालीं निकाल प्रसिद्ध झाला: औषध न घेतलेल्यांत दर शंभरीं १३.१ जणींची प्रसूति लौकर झाली, घेतलेल्यांत ११.६. फरक दिसावयास लहान आहे. पण एका पैशाएवढ्या गोळीनें दर हजारीं पंधरा बाळंतपणें वेळेवर आणलीं, हें कांहीं थोडें नव्हे. तथापि हें ऐकून कोणीं घरच्या डब्यांतील गोळी सुरू करूं नये. कोणाला द्यावयाची, केव्हां आरंभ करावयाचा आणि केव्हां थांबवावयाची, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.

तंबाखूविषयीं बोललें म्हणजे सुशिक्षित घरांतील श्रोते तो भाग आपल्यासाठीं नाहीं असें समजतात. परंतु मिश्री ही तंबाखूच आहे. भाजून काळी केलेली तंबाखूची पूड दांतांना लावण्याची संवय महाराष्ट्रांतील कितीतरी बायकांना दंतमंजन म्हणूनच लागते, आणि लागली कीं सुटत नाहीं. मुंबईंतील १२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिश्रीच लावीत होत्या. त्यांचीं बाळें सरासरीनें १०५ ग्रॅम हलकीं भरलीं आणि सहा दिवस आधीं जन्मलीं. हा झाला सरासरीचा हिशेब. बत्तीस आठवड्यांपूर्वीं, म्हणजे फारच लौकर, होणाऱ्या प्रसूतीचें भय त्यांच्यांत जवळ जवळ पांचपट आढळलें. घरांतील पुरुष ज्या सिगारेटी ओढतात त्यांचा धूरहि गर्भिणीच्या फुप्फुसांत जातोच. बादलीवरून सुनेला बोल लावणाऱ्या किती घरांतून मुलाच्या सिगारेटीचा उल्लेख निघतो?

रक्ताची उणीव, मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, थायरॉइडचा विकार, हिंवताप, उपदंश, हीं कारणें तपासणींत सांपडतात आणि त्यांवर उपचार आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. लघवींतील जंतूंचें विशेष असें कीं, जळजळ वगैरे कांहीं त्रास नसतांनाहि ते असूं शकतात. तपासल्याविना कळत नाहीं. हिरड्यांच्या रोगाचें कोडें अजून उकललेलें नाहीं: तो असलेल्या स्त्रियांत लौकर प्रसूतीचें प्रमाण अधिक दिसतें खरें, पण गरोदरपणीं हिरड्यांवर उपचार केल्यानें तें कमी झालें नाहीं. फार लहान वय, फार कमी वजन, आणि दोन बाळंतपणांमध्यें फार थोडें अंतर, हीं तिन्ही कारणें मात्र लग्न आणि संसार यांच्या व्यवस्थेंतून येतात. एका जन्मानंतर पुढील गर्भधारणेस निदान दोन वर्षे जाऊं द्यावीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जुळ्यांपैकीं निम्म्याहून अधिक दिवस भरण्यापूर्वीं येतात, तिळ्यांपैकीं तर जवळ जवळ सर्वच. अपत्यप्राप्तीसाठीं प्रयोगशाळेंतील उपाय करून घेणारीं जोडपीं 'एकाच खर्चांत दोन' म्हणून एकाहून अधिक गर्भ सोडण्याचा आग्रह धरतात, त्यांनीं या वाक्याचा विचार करावा.

आणि घाईची गोष्ट पुढें येईल असें म्हटलें होतें, ती ही: मुहूर्ताची शस्त्रक्रिया. प्रसूति शस्त्रक्रियेनेंच करावयाची ठरल्यावर ज्योतिषाकडून तारीख व घटका काढून आणण्याची चाल शिकल्यासवरल्या घरांत शिरली आहे. मुहूर्त ३९ व्या आठवड्यानंतरचा असेल तर बाळाचें कांहीं बिघडत नाहीं. पण योग चांगला म्हणून जर तो ३६ व्या आठवड्यांतला धरला, तर धडधाकट बाळाला घरच्यांनींच अपुऱ्या दिवसांचें केलें असें होतें. आणि उत्तम ग्रहांवर जन्मलेलें तें मूल पहिले कांहीं दिवस श्वासासाठीं झगडतें. इतर कारणांपुढें मनुष्य पुष्कळदां हतबल असतो. हें एक कारण असें आहे कीं, तें नुसत्या नकारानें टळतें.

श्रमांविषयीं दोन्ही बाजूंनीं अतिरेक होतो. फ्रान्समधील एमिल पापिएर्निक यांनीं १९६९ सालीं गरोदर स्त्रियांच्या जोखमीचें एक गुणपत्रक तयार केलें. त्यांत वय आणि पूर्वींचीं बाळंतपणें यांच्याबरोबर, जिने किती चढावे लागतात, कामावर जाण्यायेण्यांत किती वेळ मोडतो, यांनाहि गुण होते. मुंबईच्या लोकलनें रोज उभ्यानें प्रवास करणाऱ्या भगिनींना त्यांतील मर्म तेव्हांच कळेल. परंतु गुणपत्रकावरून निकाल सांगण्याची पद्धति शाळेंत ठीक. येथें ती पुरती जमली नाहीं. पुष्कळ गुण पडलेल्या कितीतरी स्त्रिया वेळेवर प्रसूत होतात, आणि एकहि गुण नसलेल्या लौकर. जड ओझीं, तासन् तास उभें राहणें, रात्रपाळी यांनीं भय थोडेंसें वाढतें, एवढेंच म्हणतां येतें. उलट, भय आहे म्हणून महिनोन्महिने खाटेवर पडून राहिल्यानें प्रसूति लांबते असा पुरावा नाहीं. रक्त गोठण्याचा आणि स्नायू दुर्बळ होण्याचा धोका मात्र वाढतो. एकदां उचललेल्या बादलीनें, रिक्षाच्या धक्क्यांनीं, पिकलेल्या पपईच्या फोडीनें किंवा ग्रहणानें बाळंतपण ओढवतें, असें कोणत्याहि पाहणींतून सिद्ध झालेलें नाहीं.

बाळंतपणाच्या रजेचा भारतांतील पहिला कायदा मुंबई इलाख्यांतच १९२९ सालीं झाला, तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठीं होता. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांच्या खेपेस ही रजा २६ आठवड्यांची झाली, आणि तींतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वीं घेतां येतात. कचेरींत काम करणाऱ्या सुनेला ती मिळते. तिच्या घरीं भांडीं घासणारी बाई आठव्या महिन्यांतहि चार जिने चढून येते, आणि तिच्या रजेचा कायदा म्हणजे मालकिणीची मर्जी. सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशींचें काम माफ करून, पगार न कापतां, तिला तिकडे पाठविणें कोणत्याहि घराला परवडेल.

हें सर्व सांगून झाल्यावरहि एक गोष्ट उरते, आणि ती दु:खी आईच्या कानांवर अवश्य जावी. जीं बाळें लौकर येतात त्यांपैकीं मोठ्या भागाचें कोणतेंच कारण सांपडत नाहीं. सर्व तपासण्या वेळेवर झालेल्या, खाणेंपिणें नीट, कसलें व्यसन नाहीं, आणि तरी तिसाव्या आठवड्यांत वेणा सुरू होतात. अशा वेळीं कारण शोधीत बसण्यापेक्षां तास मोजणें महत्त्वाचें. १९७२ सालीं न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें लिगिन्स व होवी या दोन डॉक्टरांनीं असें दाखविलें कीं, प्रसूतीपूर्वीं आईला विशिष्ट स्टेरॉइडचीं इंजेक्शनें दिलीं तर बाळाचीं फुप्फुसें श्वास घेण्यास लौकर तयार होतात. भारतासह पांच देशांत झालेल्या आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा नवजात बाळांचे मृत्यु दर शंभरीं २३.५ वरून १९.६ वर आले. पण या औषधाला काम करण्यास सुमारें एक दिवस लागतो. बाई पूर्ण वेणा येईपर्यंत घरींच थांबली तर तो दिवस हातचा जातो.

म्हणून ३७ आठवड्यांपूर्वीं पोट ठराविक वेळानें पुन:पुन्हां कडक होऊं लागलें, कंबरेंत वरचेवर कळ येऊं लागली, पाणी झिरपूं लागलें, रक्त दिसलें, किंवा डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी आली, तर शेजारणीचा सल्ला न घेतां आणि सकाळ होण्याची वाट न पाहतां निघावें. कोठें जावयाचें तें आधींच ठरलेलें असावें. जेथें नांव घातलें आहे त्या प्रसूतिगृहांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय आहे कीं नाहीं, आणि नसल्यास तें बाळाला कोठें पाठवितात, हें सातव्या महिन्यांतच विचारून ठेवावें. जन्मलेल्या दीड किलोच्या बाळाला गाडींतून दुसरीकडे नेण्यापेक्षां, तें आईच्या पोटांत असतांनाच तिला तेथें नेणें पुष्कळ सोपें असतें.